पंधरा वॅट पुरतात का? व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आणि स्पीकरची जोडी जमवताना

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा) घ्यायचं मनात आलं की सोलापुरात पहिला प्रश्न वॅटचा निघतो. "ओ सर, पंधरा वॅटात काय होतंय? टीव्हीखालच्या साउंडबारवर तीनशे लिहिलंय की!" प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पंधरा वॅट एखाद्या स्पीकरला भरपूर होतात. दुसऱ्याला ते अजिबात पुरत नाहीत. आणि तिसरा स्पीकर असा निघतो की पन्नास वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प लावला तरी डग्गा घुमत राहतो आणि गायकाचा आवाज झाकला जातो. अ‍ॅम्प चांगला असतो, स्पीकरही चांगला असतो, फक्त दोघांचं एकमेकांशी जमत नाही.

मोठ्या शहरात निदान दोन-चार जोड्या ऐकून निवड करता येते. आपल्याकडे नवी पेठ पालथी घातली तर होम थिएटर मिळेल, लग्नकार्याचे मोठे स्पीकर मिळतील, पण व्हॉल्व्हचा स्टिरिओ अ‍ॅम्प ऐकण्यासाठी मांडून ठेवलेला सहसा दिसत नाही. त्यामुळे इथल्या हौशी माणसाला बहुतेक वेळा कागदावरचे आकडे वाचूनच मोठी रक्कम मोकळी करावी लागते. ते आकडे नीट वाचता यावेत म्हणून हे सगळं लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: स्पीकर पहिल्यांदा ठरवा, अ‍ॅम्प त्याच्यानंतर. आणि स्पीकर ठरवताना त्याच्या माहितीपत्रकातले दोन आकडे, सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला किती मोठा आवाज) आणि इम्पीडन्स (विजेच्या प्रवाहाला स्पीकर किती अडवतो, ओहममध्ये), दिसण्यापेक्षा आणि नावापेक्षा जास्त लक्ष देऊन बघा.

अ‍ॅम्पच्या पोटात काय चालतं

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आतला कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. समोरच्या प्लेटवर शेकडो व्होल्ट असतात, त्यामुळे ते तिकडे ओढले जातात. दोघांच्या मध्ये एक बारीक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. ग्रिडवर गाण्याचा सिग्नल दिला की इलेक्ट्रॉनचा हा प्रवाह त्या सिग्नलप्रमाणे कमी-जास्त होतो.

या व्यवस्थेत व्होल्ट भरपूर असतात आणि प्रवाह फार थोडा. स्पीकरची गरज नेमकी उलटी: त्याला व्होल्ट थोडे चालतात, प्रवाह मात्र भरपूर लागतो. ट्रॅक्टरचं इंजिन भरभर फिरतं, पण ते थेट चाकाला जोडलं तर नांगर ओढणार नाही; मध्ये गिअरबॉक्स लागतो, जो वेग घेतो आणि ओढ देतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये हे काम आउटपुट ट्रान्सफॉर्मर करतो. अ‍ॅम्पच्या वजनाचा आणि किमतीचा मोठा हिस्सा याच लोखंड-तांब्याचा असतो, आणि तो तसाच असावा. ट्रान्सफॉर्मर हलका असेल तर खालचे सूर आधी बिघडतात.

उदाहरणादाखल ३०० बी हा व्हॉल्व्ह घेऊ. त्याला समोर साधारण ३,५०० ओहमचा भार मिळाला की तो खुशीत चालतो. स्पीकर ८ ओहमचा. ३,५०० भागिले ८ म्हणजे सुमारे ४३७, आणि त्याचं वर्गमूळ २१. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला दुसऱ्या बाजूच्या २१ पट वेढे दिले की ८ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला ३,५०० ओहमचा वाटतो. हाच स्पीकर ४ ओहमचा असता तर वेढ्यांचं प्रमाण वेगळं लागलं असतं. म्हणून अ‍ॅम्पच्या मागे ४, ८ आणि काही वेळा १६ असे वेगवेगळे टॅप, म्हणजे स्पीकरच्या तारा जोडायच्या जागा, असतात. टॅपवर ८ लिहिलंय याचा अर्थ अ‍ॅम्पचा स्वतःचा इम्पीडन्स ८ आहे असा नव्हे. तिथं ८ ओहमचा स्पीकर जोडला तर आतल्या व्हॉल्व्हला हवा तेवढा भार मिळेल, इतकाच त्याचा अर्थ.

इथंच एक धोक्याची सूचना. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प चालवून त्यात गाणं सोडू नका. भारच नसेल तर ट्रान्सफॉर्मरच्या व्हॉल्व्हकडच्या बाजूला व्होल्टेज भलतंच चढतं, आत ठिणगी पडून इन्सुलेशन जळू शकतं, आणि मग अ‍ॅम्पमधला सगळ्यात महाग भाग बदलावा लागतो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला तारा एकमेकींना चिकटण्याची भीती असते, व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला तारा सुटण्याची. म्हणून आधी स्पीकरच्या तारा घट्ट, मग मेन स्विच.

वॅटचा हिशेब

टू-इन-वनच्या काळात खोक्यांवर 'पीएमपीओ' असं छापून हजार-हजार वॅट लिहिले जायचे. त्या आकड्यांनी आपल्या सगळ्यांच्या मनातलं वॅटचं माप बिघडवून ठेवलं आहे. खरा, सलग देता येणारा एक वॅट काय करतो ते स्पीकरच्या सेन्सिटिव्हिटीवरून कळतं. स्पीकरला एक वॅट दिला आणि एक मीटरवरून मोजलं, तर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. बाजारातले बहुतेक घरगुती स्पीकर ८४ ते ९० च्या दरम्यान असतात. हॉर्नचे, म्हणजे तोंडाशी कर्णा असलेले, मोठे स्पीकर शंभरच्या आसपास किंवा वरही जातात.

डेसिबलचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. ३ डेसिबल वाढवायचे तर वॅट दुप्पट लागतात, १० वाढवायचे तर दहापट. आणि एवढे दहापट वॅट ओतून कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. म्हणजे १५ वॅटचा अ‍ॅम्प काढून ३० चा आणला तर फक्त ३ डेसिबल मिळतात. तोच अ‍ॅम्प ठेवून ८६ च्या जागी ९२ चा स्पीकर आणला तर ६ मिळतात, म्हणजे अ‍ॅम्प चौपट केल्यासारखं.

आता आपल्या घरातला हिशेब करू. जुळे सोलापुरातल्या एखाद्या फ्लॅटचा हॉल घ्या, बारा बाय पंधरा फुटांचा, ऐकणारा स्पीकरपासून दहा फुटांवर. उघड्या मैदानात एका मीटरवरून तीन मीटरवर गेलं की साडेनऊ डेसिबल कमी होतात. खोलीत भिंती काही आवाज परत देतात, म्हणून घट पाच-सहाचीच धरू. स्पीकर दोन, त्यामुळे ३ परत आले. म्हणजे ८८ च्या स्पीकरला एक-एक वॅट दिला तर खुर्चीत सुमारे ८५ डेसिबल पोचतात. हा आवाज चांगलाच मोठा असतो, शेजारच्याशी बोलायचं तर स्वर चढवावा लागेल एवढा.

मग पंधरा, तीस वॅट लागतात कशाला? गाणं सपाट नसतं म्हणून. आलाप संथ चालू असतो आणि अचानक तबल्यावर समेची थाप पडते, ती सरासरीपेक्षा बारा-पंधरा डेसिबल वर उडी मारते. ती उडी मावेल एवढी जागा अ‍ॅम्पमध्ये असावी लागते. सरासरी ७५ डेसिबलवर, म्हणजे निवांतपणे, ऐकत असाल तर उडी ९० पर्यंत जाईल. आपल्या ८८ च्या स्पीकरला त्यासाठी ३ वॅट पुरतात. सरासरी ८० ला १० वॅट लागतील. ८५ ची आवड असेल तर ३० च्या थोडं वर. स्पीकर ९४ चा असेल तर हे सगळे आकडे चौथाई होतात: पाऊण, अडीच, आठ. आणि ८४ चा असेल तर अडीचपट: ८, २५, ८०.

आता व्हॉल्व्हकडे बघा. ३०० बी चा सिंगल-एंडेड अ‍ॅम्प, म्हणजे एका बाजूला एकच पॉवर व्हॉल्व्ह, सुमारे ८ वॅट देतो. २ए३ असेल तर साडेतीन. ईएल ८४ ची जोडी पुश-पुलमध्ये (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ढकलतात-ओढतात) बारा ते सतरा, ईएल ३४ ची जोडी तीस ते पन्नास, केटी ८८ ची पन्नासच्या पुढे. म्हणजे ३०० बी ला ९४ चा स्पीकर दिला तर तो घर दणाणून सोडेल, ८४ चा दिला तर निवांत ऐकण्यापुरताच.

आपल्या गावात या हिशेबात आणखी एक गोष्ट धरावी लागते, ती म्हणजे आजूबाजूचा आवाज. पूर्व भागात भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू असतील, किंवा मे महिन्यात खिडकीतला कूलर घरघरत असेल, तर तंबोऱ्याचा झंकार त्याखाली बुडतो आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. नुसते ६ डेसिबल वाढवले तरी अ‍ॅम्पवरचं ओझं चौपट होतं. रात्री दहानंतर ऐकणाऱ्याला जो अ‍ॅम्प पुरतो तो दुपारी ऐकणाऱ्याला पुरेलच असं नाही. स्वतःची ऐकण्याची वेळ विचारात घेऊन वॅट ठरवा.

'व्हॉल्व्हचा एक वॅट म्हणजे ट्रान्झिस्टरचे चार' असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. वॅट हा वॅटच असतो. खरं एवढंच की क्षमता संपत आली की अनेक व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, विशेषतः कमी फीडबॅकचे (फीडबॅक म्हणजे काय ते पुढे येईल), हळूहळू बिघडतात. थापेचं टोक गोल होतं, पण कानाला लगेच टोचत नाही. ट्रान्झिस्टर एकदम कापतो आणि ते लगेच कळतं. त्यामुळे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प थोडा वेळ मर्यादेबाहेर गेला तरी खपून जातं. पण त्याच्या भरवशावर खरेदी करू नये.

आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर तीन-चार वॅटमध्ये अख्ख्या वाड्याला बातम्या ऐकू जायच्या, ते कसं? त्या काळात वॅट महाग होते, म्हणून स्पीकर कमी वॅटमध्ये मोठा आवाज देणारे बनवत. कागदी शंकू हलका, खोका मोठा किंवा मागून उघडा. चित्रपटगृहांतही तेच. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३८ मध्ये आणलेला ३०० बी मुळात अशाच कामांसाठी होता, आणि पडद्यामागे माणसाएवढे हॉर्न असल्यामुळे थोड्या वॅटमध्ये प्रेक्षागृह भरायचं. मग १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी एआर-१ हा बंद खोक्याचा छोटा स्पीकर काढला. लहान खोक्यातून खोल खर्ज येऊ लागला, पण त्याची किंमत सेन्सिटिव्हिटीने मोजावी लागली. पुढे ट्रान्झिस्टर आले, वॅट स्वस्त झाले, आणि स्पीकर बनवणाऱ्यांनी ही किंमत बिनधास्त मोजायला सुरुवात केली. आज दुकानात मिळणारा बहुतेक स्पीकर या दुसऱ्या काळातला आहे. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प पहिल्या काळातला. जोडी जमत नाही त्याचं अर्धं कारण इथं आहे.

सेन्सिटिव्हिटी वाचताना एक खाच मात्र बघा. पुष्कळ कंपन्या 'एक वॅट' न लिहिता '२.८३ व्होल्ट' लिहितात. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॅट. पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच व्होल्ट दिले तर दोन वॅट जातात. म्हणजे '४ ओहम, ८७ डेसिबल, २.८३ व्होल्ट' असं दिसलं तर मनात ३ वजा करा. तो स्पीकर प्रत्यक्षात ८४ चा आहे.

ओहमचा आकडा आणि ओहमची रेघ

स्पीकरच्या मागे '८ ओहम' लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे केवळ एक ओळख. मल्टिमीटर लावलात तर साडेपाच-सहा दिसतील, कारण मीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध मोजतो. प्रत्यक्ष गाणं चालू असताना इम्पीडन्स प्रत्येक सुराला वेगळा असतो. त्याचा आलेख काढला तर सरळ रेघ येत नाही, डोंगर-दऱ्या येतात. खाली खर्जात, जिथं वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या भागाचा) शंकू स्वतःच्या नैसर्गिक वेगाने हलू पाहतो, तिथं इम्पीडन्स उसळून वीस, तीस ओहमपर्यंत जातो. बंद खोका असेल तर असं एक शिखर, भोक असलेला म्हणजे पोर्टेड खोका असेल तर दोन. मग पुरुषी आवाजाच्या आणि हार्मोनियमच्या खालच्या सप्तकाच्या पट्ट्यात बहुधा दरी येते, आणि पुढे वूफर व ट्वीटरच्या (वरचे सूर वाजवणाऱ्या भागाच्या) सांध्याजवळ पुन्हा चढ. आंतरराष्ट्रीय मानक एवढंच सांगतं की सगळ्यात खोल दरी छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. ८ ओहम लिहायचं तर ६.४ च्या खाली नको. सगळ्याच कंपन्या हे पाळत नाहीत. '६ ओहम' लिहिलेले उंच टॉवर स्पीकर, ज्यांत दोन-तीन वूफर समांतर जोडलेले असतात, मध्येच तीनच्या आसपास उतरलेले सापडतात.

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला या डोंगर-दऱ्यांशी फारसं देणं-घेणं नसतं, कारण त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स जवळजवळ शून्य असतो. फीडबॅक नसलेल्या सिंगल-एंडेड व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा मात्र दोन-तीन ओहम असू शकतो, आणि सगळी गोम इथं आहे. अ‍ॅम्पने तयार केलेले व्होल्ट त्याचा स्वतःचा इम्पीडन्स आणि स्पीकरचा इम्पीडन्स यांच्यात वाटले जातात. अ‍ॅम्पचे ३ ओहम धरा. स्पीकर जिथं ४ ओहमवर उतरला आहे तिथं त्याला सातातले चार हिस्से मिळतात, म्हणजे ५७ टक्के. जिथं तो ३० वर चढला आहे तिथं ३३ मधले ३०, म्हणजे ९१ टक्के. या दोन जागांमधला फरक डेसिबलमध्ये ४ येतो. म्हणजे एखाद्याने तुम्हाला न विचारता टोन कंट्रोल फिरवून खर्ज चढवावा आणि मधला पट्टा उतरवावा, तसा परिणाम. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला हाच फरक एक दशांश डेसिबलच्या आत राहतो.

म्हणून एकच अ‍ॅम्प एका घरात 'काय गोडवा आहे' आणि दुसऱ्या घरात 'नुसता घुमतोय' अशी दोन मतं मिळवतो. दोघंही खरं बोलतात. दोघांनी वेगवेगळ्या स्पीकरवर वेगवेगळा आलेख ऐकलेला असतो.

हे ओळखायला डग्ग्यासारखं साधन नाही. डग्ग्याचा खालचा घुमार नेमका त्या शिखराच्या आसपास येतो. तिथं आवाज चढतोच, शिवाय शंकू थांबायलाही वेळ घेतो. हलणारा शंकू स्वतः वीज तयार करतो आणि ती वीज अ‍ॅम्पमधून फिरून त्याला आवरते. वाटेतला रोध जितका जास्त, तितका लगाम सैल. कॉइलचे ६ ओहम तर वाटेत असतातच. अ‍ॅम्पचा शून्य असेल तर एकूण ६, तीन असेल तर ९. लगाम दीडपट सैल होतो. म्हणून वादकाने तळवा दाबून बोल मिटवला तरी आपल्या घरात तो क्षणभर रेंगाळतो. याच गोष्टीला डॅम्पिंग फॅक्टर म्हणतात: ८ भागिले अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स. ३ ओहमला तो २.७ येतो, अर्ध्या ओहमला १६. पुढे तो १६ चा १६० केला तरी कानाला फार फरक पडत नाही, कारण कॉइलचे ते ६ ओहम कुठंच जात नाहीत. याच हिशेबाने स्पीकरच्या महागड्या तारांचाही विचार करा. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पाच मीटर लांब नेली तर जाऊन-येऊन रोध ओहमच्या शंभराव्या हिश्शात सातच्या आसपास. अ‍ॅम्पचे ३ ओहम समोर असताना त्या सात शतांशांवर हजारो रुपये घालवण्यात मला अर्थ दिसत नाही.

सगळे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असे सैल नसतात. हॅरॉल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये बेल लॅब्जमध्ये निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना मांडली: बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून परत आत द्यायचा, म्हणजे चूक आपोआप दुरुस्त होते. १९४७ मध्ये ब्रिटिश अभियंते विल्यमसन यांनी २० डेसिबल फीडबॅक वापरून १५ वॅटचा अ‍ॅम्प केला, आणि घरगुती हाय-फायची दिशा त्याने बदलली. फीडबॅक असलेल्या पुश-पुल अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स एक ओहमच्या आत आणता येतो, आणि मग स्पीकरच्या डोंगर-दऱ्या फारशा त्रास देत नाहीत. काही जाणकार फीडबॅकला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. ज्याच्या घरी साधा, आजच्या बनावटीचा स्पीकर आहे आणि तो बदलायचा नाही, त्याने बिनदिक्कत फीडबॅकवाला पुश-पुल घ्यावा.

आता उलटं उदाहरण. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या रेकॉर्डिंग-गाड्यांसाठी एलएस ३/५ ए नावाचा बुटाच्या खोक्याएवढा स्पीकर तयार केला. सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्टला जेमतेम ८२-८३. या आकड्यावरून कोणीही म्हणेल, व्हॉल्व्हला चालणार नाही. पण त्याचा मूळ इम्पीडन्स १५ ओहम आहे. तेवढ्या व्होल्टला तो अर्धाच वॅट घेतो, आणि १६ ओहमच्या टॅपवर व्हॉल्व्हला त्याचा भार मुळीच जड वाटत नाही. म्हणूनच मध्यम ताकदीच्या पुश-पुल व्हॉल्व्ह अ‍ॅम्पबरोबर तो पिढ्यानपिढ्या आवडीने ऐकला गेला आहे. मोठ्या आवाजाची हौस त्यावर भागणार नाही, पण लहान खोलीत माणसाचा आवाज ऐकायचा तर फार छान. सांगायचं हे की डेसिबल आणि ओहम दोन्ही एकत्र वाचावे लागतात.

हा आलेख मिळवायचा कुठून? काही कंपन्या स्वतः देतात. स्टिरिओफाइलसारखी मासिकं स्पीकर मोजून इम्पीडन्सचा आलेख छापतात. घ्यायचा स्पीकर तिथं मोजलेला असेल तर सुरेख वर्णनाचे परिच्छेद सोडून आधी त्या आलेखावर जा. दरी सहाच्या वर आणि चढ-उतार सौम्य असतील तर निश्चिंत राहा. दरी चारच्या खाली, तीही खर्जात, असेल तर सिंगल-एंडेडचा विचार सोडा.

मग कुठली जोडी?

आपल्याकडच्या हॉलसाठी माझी पहिली शिफारस ईएल ८४ च्या पुश-पुलची, बारा-पंधरा वॅटची, आणि त्याच्याबरोबर ९० डेसिबलच्या आसपासचा, ८ ओहमचा साधा दोन-मार्गी (एक वूफर, एक ट्वीटर असलेला) स्पीकर. ईएल ८४ स्वस्त आहे, आजही नवा बनतो, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी बनवलेले जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे अधूनमधून निघतात. स्पीकर ८७-८८ चा असेल तर ईएल ३४ कडे जा. ३०० बी चा मोह प्रत्येकालाच होतो, तो व्हॉल्व्ह दिसतोही देखणा, पण ९४ च्या खालच्या स्पीकरला मी तो सुचवणार नाही.

तेवढ्या सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर आणायचा कुठून, हा प्रश्न उरतो. हॉर्नचे तयार स्पीकर महाग असतात. एक वाट सुताराकडून जाते: मोठा, हलक्या कागदी शंकूचा वूफर किंवा फुल-रेंज (सगळे सूर एकटाच वाजवणारा) ड्रायव्हर आणून प्लायवुडचा खोका करून घ्यायचा. मांडववाल्यांच्या बारा-पंधरा इंची वूफरची सेन्सिटिव्हिटीही ९५ च्या पुढे असते, पण ते खोल खर्जासाठी बनवलेले नसतात आणि खोकाही मोठा मागतात. लहान खोका, खोल खर्ज, जास्त सेन्सिटिव्हिटी, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. भौतिकशास्त्राचाच तो नियम आहे. घरात कपाटाएवढ्या दोन खोक्यांना जागा आणि घरच्यांची संमती दोन्ही आहेत का, हे वूफर आणायच्या आधी बघावं.

उन्हाळा, व्होल्टेज आणि फरशी

मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. ईएल ३४ च्या चार व्हॉल्व्हचे नुसते फिलामेंट, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारा, ३८ वॅट खातात, सगळा अ‍ॅम्प मिळून दीडशेच्या घरात वीज ओढतो, आणि गाणं हळू असो की मोठं, त्यातली बहुतेक उष्णता बनून खोलीत येते. काचेला त्या गर्मीचं काही वाटत नाही. वाटतं ते आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. म्हणून अ‍ॅम्प शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नका. वर आणि मागे वीतभर मोकळी जागा हवीच.

व्होल्टेजचंही तसंच. परदेशातून आलेले अनेक अ‍ॅम्प २२० व्होल्टसाठी बनवलेले असतात. रात्री लाइन २४५ ला चढली तर ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला ७ व्होल्ट जातात. त्याची वरची मर्यादा १० टक्के, म्हणजे ६.९ च्या जवळपास. रोज असं झालं तर व्हॉल्व्ह लवकर म्हातारा होतो. अ‍ॅम्पवर २३० किंवा २४० चा पर्याय असेल तर तो निवडा, नाहीतर चांगला स्टॅबिलायझर लावा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प चालवू नका, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. आणि खालचं झाकण उघडायचा मोह झाला तर प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीन-चारशे व्होल्ट बसून असू शकतात, हे विसरू नका. ते काम जाणत्या माणसाचं.

खोलीबद्दल थोडंच. शहाबादी फरशी आणि गिलाव्याच्या उघड्या भिंती वरचे सूर चकाकवतात, टाळीचा खणखणाट मागे उरतो. स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये जमिनीवर आपली जाड सोलापुरी चादर किंवा सतरंजी अंथरली की पहिला फरक लगेच कळतो. भिंतीवर लावायची असेल तर ताणून खिळू नका, चुण्या पाडून चार-सहा इंच पुढे टांगा, म्हणजे ती जरा खालचे सूरही शोषते. खर्जावर मात्र तिचा काही उपाय चालत नाही. खर्ज तिच्यातून आरपार जातो.

सगळं जोडून झाल्यावर अर्धा तास तापू द्या आणि तबल्याची साथ असलेलं, ओळखीचं गाणं लावा. डग्गा घुमला तर स्पीकर ८ वरून ४ च्या टॅपवर घ्या, अर्थात अ‍ॅम्प बंद करून. आवाज सुमारे ३ डेसिबल उतरेल, पण आउटपुट इम्पीडन्स निम्मा होईल. मघाच्या उदाहरणातला ४ डेसिबलचा चढ-उतार २.३ वर येईल. यात अ‍ॅम्पला काही इजा नाही. तरीही घुमत असेल तर स्पीकर कोपऱ्यातून आणि मागच्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढा. त्यानंतरही राहिलंच तर पोर्टच्या भोकात फोमचा बोळा घट्ट बसवून बघा: दोन शिखरांच्या जागी एकच उरतं, खर्ज थोडा कमी होतो, आणि डग्ग्याचे बोल सुटे ऐकू येऊ लागतात.